पत्रातली ती

बाई,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात तुम्हाला लिहावं असं कधी वाटलंच नाही असं नाही, पण दर वेळी मनात यायचं की लिहून पाठवायचं कुठं. आता साठी उलटल्यावर कळतं की पाठवण्याची अडचण ही सबब होती. गेल्या रविवारी सांगलीत एक समारंभ झाला, त्यात तुमची आठवण निघाली आणि तेव्हापासून मला चैन नाही. त्या समारंभाचं पुढं सांगते. आधी साताऱ्याचं सांगते, कारण कुठलीही गोष्ट मधूनच सुरू केली की तुम्ही हात वर करून थांबवायचात आणि म्हणायचात, पहिल्यापासून सांग.

मॅट्रिकच्या वर्गात आम्ही अकरा मुली होतो. मी कोरेगावकडच्या खेड्यातून आलेली, मामाच्या घरी राहून शिकणारी. बोलता बोलता माझ्या तोंडून ‘हाय’ आणि ‘न्हाई’ निघायचं आणि बाकीच्या मुली वहीआड हसायच्या. तुम्ही सांगलीच्या, तिशीच्या, लग्न न केलेल्या. साताऱ्यात त्याबद्दल लोक काय काय बोलत ते आमच्याही कानावर यायचं, पण तुम्ही वर्गात आलात की त्याचा विसर पडायचा. इंग्रजी व्याकरणात डायरेक्ट-इनडायरेक्टचं प्रकरण तुमच्या विशेष आवडीचं. पुस्तकातली वाक्यं तुम्ही घेत नव्हतात, आमच्याच घरातली घ्यायचात. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, “आपल्या भाषेत एवढा खटाटोप नाही. आपण म्हणतो, तो म्हणाला की मी उद्या येतो. माणूस समोर नसला तरी त्याचा ‘मी’ तसाच राहतो. इंग्रजीत त्याचा ‘मी’ काढून घ्यावा लागतो, त्याचा ‘उद्या’ काढून घ्यावा लागतो, त्याचं ‘इथं’सुद्धा काढून घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतोय हे लक्षात ठेवून करा.”

श्रावणातल्या एका दुपारी तुम्ही मला फळ्याशी बोलावलंत. वाक्य होतं, मुलगी आईला म्हणाली, माझी अंगठी हरवली. मी झटक्यात लिहून टाकलं, द गर्ल टोल्ड हर मदर दॅट शी हॅड लॉस्ट हर रिंग. काळ बदलला होता, सर्वनाम बदललं होतं, अवतरणचिन्हं काढली होती. मी खडू ठेवून वळले तर तुम्ही विचारलंत, “अंगठी कुणाची? हरवली कुणी?” मी पुन्हा फळ्याकडं पाहिलं. “मुलीची की आईची? हे वाचणाऱ्याला कळतं का?” मी नकारार्थी मान हलवली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण मला तास संपेपर्यंत फळ्याशी उभं केलंत. “नियम पाळला म्हणजे खरं सांगितलं असं होत नाही,” तुम्ही सगळ्या वर्गाला म्हणालात. “जिथं दोन बायका असतील तिथं नुसतं ‘शी’ लिहून मोकळं व्हायचं नाही. कोण ते लिहायचं.” मला ते लागलं, कारण वर्गात इंग्रजीत माझा पहिला नंबर होता.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा पलटणीत होता आणि पलटण इटलीत होती. लढाई सुरू होऊन पाच वर्षं होत आली होती आणि आमच्या गावात घरटी एक माणूस तरी बाहेर होता, त्यामुळं आम्हाला त्याचं वेगळं असं काही वाटत नव्हतं. जायच्या आधी दादा दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. लग्न होऊन वर्षच झालं होतं. वहिनी आटपाडीकडची, पूर्वेच्या दुष्काळी भागातली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला अक्षरओळख नव्हती. आबा शेतात गेले की दादा गोठ्याच्या पडवीत बसून तिला पाटीवर शिकवायचा. वहिनी ‘क’ उलटा काढायची आणि दादा कपाळाला हात लावायचा, मग दोघं हसायची. आईला ते आवडायचं नाही, पण लेक परत जाणार म्हणून ती गप्प राहायची. मुळाक्षरं झाली, बाराखडी ‘न’पर्यंत आली आणि दादाची रजा संपली. पुढं उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी गेले की वहिनी पाटी घेऊन माझ्याजवळ यायची. “वन्सं, फुडची अक्षरं घालून द्या की,” म्हणायची. मी कधी द्यायची, कधी डोकं दुखतंय म्हणायची.

भाद्रपदात तार आली. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. तुम्ही तेव्हा मामाच्या घरी येऊन माझ्याजवळ बसला होता, तुम्हाला ठाऊक आहे. दिवसकार्य झाल्यावर आबांनी दोन गोष्टी ठरवल्या. माझं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, आणि संक्रांतीनंतर वहिनीला तिचा भाऊ येऊन माहेरी घेऊन जाईल. पोर नाही, बाळ नाही, तिला इथं ठेवून काय करायचं, असं आबा म्हणाले. ते रागानं नव्हते म्हणाले. उंब्रजकडचं एक स्थळही माझ्यासाठी त्यांच्या डोळ्यासमोर होतं. मला दिवाळीच्या सुटीनंतर साताऱ्याला परत पाठवायचं की नाही एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि मला कळून चुकलं होतं की नाहीच पाठवणार.

त्या सुटीत, घरात दिवाळी नव्हती त्या दिवसांत, पोस्टमन पातळ कागदाचं एक पत्र घेऊन आला. “इंग्रजी हाय, पोरीला द्या,” तो आबांना म्हणाला. आबा सोप्यात बसले, आई खांबाला टेकून बसली, वहिनी आतल्या दाराआड जोंधळे पाखडत होती. मी उभ्यानं वाचायला लागले. एक ओळ इंग्रजीत मनात वाचायची आणि मराठीत मोठ्यानं सांगायची. पत्र इटलीतल्या लष्करी इस्पितळातल्या एका गोऱ्या नर्सचं होतं. तिनं लिहिलं होतं की दादाच्या पोटाला जखम होती, तो चार दिवस होता, शेवटी त्याला फार त्रास झाला नाही. शेजारच्या खाटेवर त्याच्याच पलटणीतला, उंब्रजजवळच्या गावचा एक जखमी शिपाई होता; दादाचं बोलणं तो मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत तिला सांगायचा. त्या शिपायाचं नाव आणि गाव तिनं लिहिलं होतं. पुढं होतं की दादा आपल्या आईबद्दल, बहिणीबद्दल आणि तरुण बायकोबद्दल वारंवार बोलत असे. आणि मग ते वाक्य आलं. ही आस्क्ड दॅट हर लेसन्स शुड नॉट बी स्टॉप्ड.

मी थांबले. आबांनी विचारलं, “काय म्हन्ती?”

“दादा म्हनला,” मी सांगितलं, “माझ्या भनीची शाळा बंद करू नगा.”

आतलं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. आबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, “त्याचा शेवटचा शबूद हाय. शिकू दे तिला.” आईनं ते वाक्य माझ्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतलं. संध्याकाळी उंब्रजच्या लोकांना निरोप गेला की औंदा मुलीचं करायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाणी आणायला गोठ्याकडून गेले तेव्हा पडवीतल्या कोनाड्यात पाटी नव्हती. वहिनीनं ती धुऊन, पुसून माझ्या ट्रंकेत ठेवली होती. “तुमाला लागंल,” ती म्हणाली. मॅट्रिकच्या मुलीला पाटी कशाला लागणार, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

साताऱ्याला आल्यावर त्या नर्सला उत्तर लिहायचं होतं, म्हणून मी पत्र घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी उभ्या राहून ते दोनदा वाचलंत. “यातली ‘हर’ कोण?” तुम्ही विचारलंत. “मी,” मी म्हणाले. “कशावरून?” “मीच शिकते ना, बाई.” तुम्ही पत्राची घडी घालून माझ्या हातात दिलीत. “उद्या शाळा सुटल्यावर घरी ये. उत्तर तिथं लिहू.”

तुमच्या दोन खोल्यांपैकी आतली स्वयंपाकाची. त्या आळीत आमच्यासारख्या घरच्या मुलीला स्वयंपाकघरात पाट मांडून बसवणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल. तुम्ही शेगडीवर कुटासाठी शेंगदाणे भाजत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, “ते वाक्य आता उलटं कर. दादाच्या तोंडी दे. मराठीत.” मी म्हणाले, “माझ्या बहिणीचे धडे थांबवू नका.” तुम्ही म्हणालात, “बहीण असा शब्द नर्सच्या कानावर पडला असता तर तिनं सिस्टर लिहिलं असतं. तिच्यापर्यंत नुसतं ‘तिचे’ पोचलेलं दिसतंय. तुझा दादा तुझ्याबद्दल बोलताना काय म्हणायचा?”

“नावानं बोलायचा.”

“आणि वहिनीबद्दल?”

आमच्याकडे कुठला पुरुष बायकोचं नाव घेतो? ‘ती’, ‘तिला’, ‘घरात’, एवढंच. ज्या बाईचं नाव घ्यायचं नाही ती बायको, हे लहान पोरालाही कळतं. शेंगदाण्यांना करपल्याचा वास यायला लागला तशी तुम्ही कढई उतरवलीत. “वहिनी काही शिकत होती का?” तुम्ही विचारलंत. “पाटीवर काढायची,” मी म्हणाले. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही कुटाचा खलबत्ता माझ्यापुढं सरकवलात आणि म्हणालात, “आपण दोघी अंदाज करतोय. ज्यानं ऐकलं त्यालाच विचारू.” त्या दिवशी आपण उत्तर लिहिलं नाही. मी शेंगदाणे कुटले, तुम्ही भात केलात, आपण जेवलो. तुम्ही तुमच्या लहानपणीच्या कृष्णेच्या पुराच्या गोष्टी सांगितल्यात. मी भात नुसता चिवडत होते आणि तुम्ही ते बघत नव्हता असं दाखवत होता.

त्या शिपायाच्या गावी तुम्ही कार्ड टाकलंत. त्याला सैन्यातून मोकळं केलं होतं. पौषात तो घरी आल्याचं त्याच्या चुलत्यानं कळवलं. एका रविवारी आपण उंब्रजला गेलो. पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की माणसं खाली उतरायची, तुम्हीही पदर खोचून उतरलात. उंब्रजपासून मैलभर पायी. तो अंगणात उन्हाला बसला होता, उजवा हात कोपरापासून नव्हता. डाव्या हातानं भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, त्याला जमत नव्हतं आणि तो कुणाला मदत करू देत नव्हता. मी कुणाची बहीण हे सांगितल्यावर त्यानं शेंगा बाजूला सारल्या.

तुम्ही त्याला म्हणालात, “नर्सचं पत्र आलंय. त्यात आहे की त्यानं धडे थांबवू नका म्हणून सांगितलं. तो नेमकं काय म्हणाला होता? त्याच्याच शब्दांत सांगा.”

त्यानं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाला, “आवं बाई, तो म्हनला, तिची पाटी सोडवू नका. निम्मी बाराखडी झाली हाय, ऱ्हायल्याली मी येऊन शिकवनार हुतो. तेवढं मॅडमला ल्ह्यायला सांग म्हनला. मी म्हनलं, तिचं लेसन बंद नको. मला तरी कुठं विंग्रजी येतंय?”

“तिची म्हणजे कुणाची?”

त्यानं तुमच्याकडं असं बघितलं की शिकल्यासवरल्या बाईला एवढंही कळू नये. “बायकूची. आनि कुनाची? भनीचं तर नावच घ्यायचा की तो. दिसातनं धा येळा.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “माजी भन मॅट्रिक हुनार, म्हनून समद्या पलटनीला सांगून ठेवल्यालं. तुमचं काय त्याला सांगायचंच नव्हतं. तुमी शिकनार, हे त्यो धरूनच चालला हुता.”

परतीच्या वाटेवर मी रडले. तुम्ही मला थांबवलं नाहीत. मोटार भरेपर्यंत आपण रस्त्याकडेच्या दगडावर बसलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, “वहिनीला कधी नेणार आहेत?” संक्रांत चारच दिवसांवर आली होती.

पुढच्या रविवारी आपण घरी पोचलो तेव्हा वहिनीचा भाऊ आदल्या दिवशीच येऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. दारात वहिनीचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. तुम्ही सोप्यात घोंगडीवर बसलात. आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच घरात खुर्ची नसल्याची दिलगिरी व्यक्त केली. तुम्ही पाणी प्यालात आणि सरळ विषयाला हात घातलात. “पत्रातल्या एका वाक्याचा अर्थ चुकला आहे. त्यानं बायकोचं शिक्षण थांबवू नका म्हणून सांगितलं होतं. ज्यानं ते ऐकलं त्याला आम्ही भेटून आलो.” आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “मुलीचा दोष नाही. इंग्रजीत ही जागा अवघड असते आणि हा भाग मी वर्गात अजून घेतलेला नव्हता. चूक माझी आहे.”

बाई, तुम्ही हे इतक्या सहज म्हणालात की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. मग फळा आठवला, अंगठीचं वाक्य आठवलं, तास संपेपर्यंत उभी राहिले ते आठवलं. तुम्हीही ते विसरला नसणार. तरी मी तोंड उघडलं नाही.

आबा म्हणाले, “म्हंजी एकीलाच शिकवायचं का आता? दोगी कशा जानार?” तुम्ही म्हणालात, “धाकटीचं मॅट्रिक तीन महिन्यांवर आलंय. तेवढं होऊ द्या. थोरलीला मी सांगलीला माझ्या आईकडे ठेवते. तिथं शाळा आहे, पुढं मास्तरणीचं शिक्षणही होतं.” वहिनीचा भाऊ म्हणाला की विधवा बाई परक्या गावात राहिली तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, “दोगी बी गेल्या तर माज्याशी या घरात कोन बोलनार?” तुम्ही हातातला रिकामा तांब्या खाली ठेवलात आणि विचारलंत, “तिला कुणी विचारलंय का?”

आबा गोंधळले. सुनेला काय विचारायचं? त्या घरात वहिनी सासऱ्यासमोर कधी बोललेली नव्हती. काही हवं असलं तर आईला सांगायची, आई आबांना सांगायची. तुम्ही दाराकडं तोंड करून म्हणालात, “बाहेर या, बाई. तुमचं तुम्हीच सांगा.” ती आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, हाताला पीठ. उभी राहिली. मला वाटलं ती आईकडं बघेल, पण ती आबांकडंच बघत होती. “मामंजी, मला शिकायचं हाय,” ती म्हणाली. “दर म्हयन्याला आत्याबाईंना भेटून जाईन. पर मला शिकायचं हाय.”

आबा उठून अंगणात गेले. आपण सगळे बसून राहिलो. बैलांना वैरण टाकून ते परत आले आणि वहिनीच्या भावाला म्हणाले, “पावनं, तुमी जेवून जा. तिला मी सोडीन सांगलीला.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला लिहू द्या. तुमच्या आईनं पहिले काही महिने वहिनीचं पान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मांडलं. तुम्ही सुटीत सांगलीला गेलात की तिच्या शेजारी, उंबऱ्याबाहेरच जेवायला बसायचात. शेवटी म्हातारीनंच कंटाळून दोघींना आत बोलावलं. वहिनी पोरांच्या शाळेत पोरांबरोबर बसली. चार वर्षांत सातवीची फायनल झाली, मग ट्रेनिंग. महिन्याला आईकडं येण्याचं तिनं बरीच वर्षं पाळलं, आई असेपर्यंत. मी मॅट्रिक झाले, तुम्हीच दिलेल्या डिक्शनरीवर आणखी दोन वर्षं शिकले आणि कोर्टात भाषांतराच्या कामाला लागले. साक्षीदार मराठीत बोलायचे, मी ते इंग्रजीत उतरवायची. एकाच वाक्यात दोन माणसं आली की माझी लेखणी थांबायची. हेडक्लार्क चिडायचे, म्हणायचे, एवढा वेळ काय लावता? मी उठून साक्षीदाराला पुन्हा विचारून यायची, “ती म्हणजे कोण, आई की सासू?” माझ्या कामावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. लोक म्हणायचे, या बाईंचा हात चोख आहे.

तुम्ही सांगलीला बदलून आलात आणि लढाई संपून चार वर्षांनी विषमज्वरानं गेलात. एकवीस दिवस वहिनी तुमच्या उशाशी होती. मला कळवलं होतं. माझं नुकतंच लग्न झालेलं, सासरी सांगून निघायला दोन दिवस गेले, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तापात तुम्ही वर्ग घेत होता असं वहिनी म्हणाली. पोचल्यावर तुम्हाला एक गोष्ट सांगायची असं मी वाटेत ठरवलं होतं. ती तशीच घेऊन परत गेले.

आता समारंभाचं. माझे यजमान गेल्यावर वहिनी माझ्याकडेच राहायला आली. गेल्या रविवारी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिचा सत्कार केला. डॉक्टर झालेले, मास्तर झालेले, एक जण तर टेम्पो चालवतो, तोच सगळ्यात जास्त बोलला. शेवटी वहिनी उठली. आता ती बोलायला घाबरत नाही. तिनं तुमची गोष्ट सांगितली, सोप्यातली, घोंगडीवरची. आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “आमच्या वन्संना इंग्रजीतली एक ‘ती’ कळली नाही, म्हणून मला शाळेत जायला तीन महिने उशीर झाला. त्यांच्या बाई म्हणाल्या, चूक माझी. अशी शिक्षिका मला व्हायचं होतं.” सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

बाई, मला कळली होती. सोप्यात उभ्यानं पहिल्यांदा ते वाक्य मनात वाचलं तेव्हाच कळली होती. दादाचा आवाजच ऐकू आला होता त्यात. आबांनी “काय म्हन्ती” म्हणून विचारलं त्या मधल्या वेळात मी पाटी आठवली, आणि उंब्रजचं स्थळही आठवलं, आणि मग तोंड उघडलं. व्याकरण चुकलं नव्हतं. मी साळसूदपणे वाक्य हवं तसं वळवलं होतं. तुम्ही हे ओळखलं होतं असं मला वाटतं, स्वयंपाकघरात बहुधा, किंवा त्याच्याही आधी खिडकीशी. तसं असेल तर तुम्ही मला माझ्या बापासमोर वाचवलंत, आणि मी माझा तो दोष आजवर तुमच्याच नावावर राहू दिला.

गेले सहा दिवस मी रोज सकाळी ठरवते की आज वहिनीला सांगायचं. ती पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसते, मधूनच एखादी बातमी मोठ्यानं वाचून दाखवते. मी तिच्या दारापर्यंत जाते, चहा हवा का विचारते आणि परत येते. आजही तसंच झालं, आणि मग येऊन हे लिहायला बसले. जे तिला सांगायचं ते तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. एवढीच माझी हिंमत आहे, बाई.